तनयाने मागितले म्हणून

मी, मंदाकिनी यशवंत खासनीस, वय ७२, अविवाहित, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ दिगंबर याला तो लागेल. गेल्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा आमोद याच्या नावे केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. हडपसरची सदनिका माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे. ती माझ्यामागे दिगंबरची मुलगी तनया हिला मिळावी.

कारण विचारले जाईल, म्हणून लिहिते. दिवाळीत तनया चहा पिता पिता म्हणाली, "आत्या, तुझ्यानंतर हे घर मला हवंय. नाही म्हणालीस तरी चालेल, पण मी विचारलंच नाही असं नको."

मी तिला निर्लज्ज म्हटले आणि चिवड्याची बशी आत नेली. त्याच आठवड्यात आमोदच्या नावे मृत्युपत्र केले, कारण त्याने कधी काही मागितले नाही. त्याच्यासाठी त्याचे वडील तीनदा मागून गेले होते. ते मी मागणे धरले नाही.

२. कॉन्व्हेंटमध्ये दुसरा पाव मागणाऱ्या मुलीला सिस्टर ॲग्नेस जेवण होईपर्यंत उभे करत. घरी आई म्हणे, "मुलींनी मागायचं नसतं, मंदा. देतील ते घ्यायचं." आईच्या मते सिस्टर बाटवणाऱ्या, सिस्टरांच्या मते आई अडाणी. या एका बाबतीत दोघींचे एकमत, म्हणून मी ते सत्य मानले. १९८६ साली बाबा गेल्यावर दिगंबरने शुक्रवार पेठेतल्या घराचे हक्कसोडपत्र पुढे केले. "ताई, नुसती सही आहे." मी माझा वाटा सोडला, आणि वर त्याच्या पेनाचे कौतुक केले. याला मी चाळीस वर्षे संस्कार म्हणत आले. या वर्षी तपासून पाहिले, तर निघाला दुसऱ्या पावाचा धाक.

३. त्या सहीबद्दल भावजयीने दिलेली साडी मी एकदाही नेसले नाही. घडीवर विरली आहे. तिला परत करावी, इस्त्री करून.

४. बँकेतील ठेवी आमोदला. मुलगा वाईट नाही. त्याच्यावर मागायची वेळच आली नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे.

५. तनयाकडूनही शुक्रवार पेठेतल्या घराचे हक्कसोडपत्र आमोदसाठी घेण्याचा दिगंबरचा बेत आहे, असे कळते. तिने सही केल्यास सदनिका मिळू नये, अशी अट मी घालणार होते. वकील नम्रताताई म्हणाल्या, "अहो, ही पण जबरदस्तीच झाली." अट घालत नाही. तनया, वाचून सही कर किंवा करू नकोस.

६. आज सकाळी दिगंबरला फोन करून बाबांचे शिसवी टेबल मागितले.

"या वयात काय करणार तू टेबल घेऊन?"

"राहू दे" ओठांवर आले होते. म्हटले, "हवंय." टेम्पो बुधवारी येतो आहे. माझ्यामागे ते टेबल कोणाचे, हे ठरवलेले नाही. ज्याला हवे त्याने माझ्या हयातीत, माझ्या तोंडावर मागावे.

स्थळ: पुणे
दिनांक: १४ जुलै २०२५
(सही) मंदाकिनी यशवंत खासनीस

साक्षीदार (यांना यातून चहाखेरीज काही मिळालेले नाही):
१. (सही) डॉ. उत्कर्षा भालेराव
२. (सही) सुखदेव तुपे, शेजारी