कुलपातली कात्री

३ फेब्रुवारी, सोमवार

कात्री दे! — माझ्या दिवसाची सुरुवात ही अशी. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, मी कात्रीसाठी हात पसरते. तेही पोटच्या पोरापुढे. तो ऑफिसचे बूट चढवत असतो. एक पायात, एक हातात. तसाच लंगडत कपाटाशी जातो, खिशातून किल्ली काढतो. "संध्याकाळी परत दे हं, आई." जशी काही मी शाळेतले खडू पळवणारी पोर आहे! संध्याकाळी आला की आधी कात्री मागतो, मग चहा.

नियम जुना आहे. माझा आजार एकदा फार चढला होता, तेव्हा मी घरातले सगळे पडदे कापले. खोटं कशाला बोलू, कापले. दुसऱ्या दिवशी मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं. पण त्याला आता किती वर्षं झाली! नवे पडदे आले, तेही विटले. नियम मात्र अजून कोरा करकरीत.

फोनबाबा, लिहितोयस ना? नात होस्टेलला जाताना ही सोय करून गेली. "आजी, तू नुसतं बोल. हा लिहील, तारीख पण तोच घालेल. कोणी वाचणार नाही." अगं, मला तरी कुठे वाचता येतंय! इतकं पक्कं गुपित जगात दुसरं नसेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक पिशवी झाली. निळी, पांढरे ठिपके. मोडक्या छत्रीची.

कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. मागे माझा उतार चालू होता. डॉक्टरीणबाई म्हणतात, या आजाराला दोनच रस्ते, चढ नाहीतर उतार. तर उतारात सून मला बळेच फिरायला न्यायची. मी पाय फरफटत मागे. कशात म्हणून रस नाही. आणि एक दिवस बघते तर हा गृहस्थ मोडक्या छत्र्या कचऱ्याच्या डब्यात कोंबतोय! "अहो, कापड तर धड आहे!" "काडी मोडली मावशी, आता काय उपयोग." असा राग आला! कितीतरी दिवसांत काही वाटलंच नव्हतं. पहिल्यांदा वाटलं ते हे. एक काडी मोडली म्हणून अख्खी छत्री फेकायची? सगळा ढीग काखोटीला मारून घरी आणला. सून मागून येत होती, तोंड लपवत.

कोणाबद्दल बोलतेय ते मला कळतंय, फोनबाबा. तू लिही नुसतं.

कापड निसरडं असतं. टाचणी लावली तर भोक कायमचं, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून शिवते. पट्टे जुन्या दप्तरांचे. पिशवी भिजत नाही, घडी केली तर मुठीत मावते. छत्रीवाला माझ्या पिशव्या आपल्या दुकानाला टांगतो. गिऱ्हाईक विचारतं, "कुठल्या कंपनीची?" हा म्हणतो, "मावशी कंपनी!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गॅलरीत टोपलीशी गेले तर छत्र्या सोललेल्या! कापड उतरवून, घडी करून ठेवलेलं. काड्यांची जुडी दोऱ्यानं बांधलेली. काल रात्री तर त्या अख्ख्या होत्या.

होत्या ना?

सून म्हणाली, "आई, रात्री गॅलरीत दिवा होता. झोपला नव्हतात का?"

"मी? गोळी घेतली की मी अशी पडते की चोरानं पलंगासकट नेलं तरी कळायचं नाही."

ती हसली नाही. मुलाकडे बघितलं. मुलगा ताटाकडे बघत होता. "आईच असेल," म्हणाला. "दुसरं कोण?"

दुसरं कोण! घरात एक वेडी असली की केवढी सोय असते! दूध उतू गेलं, आईनं गॅस चालू ठेवला असेल. रिमोट सापडत नाही, आईला विचारा. शेजारची मांजर व्याली तरी आधी माझी चौकशी होईल!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळी खरंच गिळली का, ते बघायला सून समोर उभी. मी जीभ काढून दाखवली. अख्खी. बराच वेळ.

९ फेब्रुवारी, रविवार

बैठक भरली. मी एका बाजूला, ते दोघं समोर. पाण्याचा पेलासुद्धा त्यांच्याच बाजूला.

सुनेनं सगळं पाठ केलं होतं. रोज रात्री दिवा. रोज सकाळी छत्र्या सोललेल्या. "झोप उडाली की तुमचा चढ सुरू होतो. डॉक्टरांनीच सांगितलंय ना?" सांगितलंय, खरं आहे. मी मुलाला विचारलं, "तू बघितलंस मला? डोळ्यांनी?" तो डोळे चोळत बसला. लालभडक झालेत. ऑफिसात काम फार म्हणे, हल्ली झोपतोही बाहेरच्या खोलीत. मग म्हणाला, "शनिवारचा नंबर लावलाय, आई. डोस बघून घेऊ."

बघून घेऊ म्हणजे वाढवून घेऊ! मला का माहीत नाही? मागे डोस वाढला तेव्हा हात असे थरथरायचे की सुईत दोरा ओवताना दुपार सरायची आणि दोरा बाहेरच. चहा बशीत, बशीतला पदरावर. हात गेले की पिशव्या गेल्या. मग मी करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं, म्हणजे "आता आई कशी शांत आहे" म्हणायला हे मोकळे!

"तुमच्या भल्यासाठीच करतोय, आई."

"मग एकदा मला विचारून करा की माझं भलं!"

आवाज चढला माझा. लगेच दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हसले की चढ, गप्प बसले की उतार. मला साधा राग यायची सोयच नाही. सगळ्या जगाला येतो, माझा तेवढा आजार!

१० फेब्रुवारी, सोमवार

एकाशीही बोलले नाही. त्याचीही नोंद झाली असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे बोलतेय ते कोणाला सांगू नकोस.

भीती वाटते. त्यांच्यापुढे मी तोंड वर करून भांडते, पण सकाळी त्या सोललेल्या छत्र्या बघितल्या की आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघते. पडदे कापल्याचंही आठवलं नव्हतंच की. रात्री उठत असेन मी? काम करून, घड्या घालून, परत येऊन झोपत असेन? आणि माझी पद्धत तर वेगळी आहे. मी आधी कापडाची टोकं काड्यांवरून सोडवते, वरच्या टोकाची टोपी शेवटी. या छत्र्यांची टोपी आधी कापलेली. रात्रीची मी कोणी दुसरीच बाई आहे की काय? बरी दिसतेय — माझ्यापेक्षा टापटीप.

छत्रीवाल्याला म्हटलं, पुढच्या पिशव्यांचा भरवसा धरू नका. तो म्हणाला, "का, मावशी कंपनीला टाळं?" हसायला येईना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टाळं! टाळंच!

आज लवकर जाग आली. मुलगा अजून उठला नव्हता. गॅलरीत गेले, टोपलीत काळी छत्री सोललेली. दोऱ्याचं टोक हातात घेऊन बघितलं. कापलेलं. साफ, एका फटक्यात. दातांनी तोडलेला दोरा असा नसतो, त्याला मिशा फुटतात. ओढून तोडला तर कापड गोळा होतं. हे कात्रीचं काम. आणि कात्री? कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली कोणाच्या खिशात?

तिथेच खाली बसले. आधी हसू आलं, गदागदा. मग तोंडात पदर कोंबला — कोणी ऐकलं तर चढ!

म्हणजे दिवा याचा. जागरण याचं. कात्री चालवणारा हात याचा. आणि जेवायला बसून सगळ्यांदेखत "आईच असेल"! अरे, नऊ महिने पोटात वाढवलं ते तुझ्या बायकोपुढे वेडी ठरायला? मी इथे स्वतःच्या हातांकडे चोरासारखी बघतेय, रात्री उठता का रे म्हणून त्यांना विचारतेय, आणि हा शांतपणे बूट घालतोय! सुनेचाही राग गेला माझा. तिनं दिवा बघितला, तो खरा होता. तिलाही यानं फसवलंय.

थोड्या वेळानं तो आला, एक बूट हातात. कात्री पुढे केली. "घे, आई." मी घेतली. डोळ्याला डोळा भिडवेना. शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. जेवत नाही धड, माझ्यावर पहारा करण्यात वेळ जातो ना!

मनात म्हटलं, शनिवार येऊ दे. यानंच नंबर लावलाय ना? डॉक्टरीणबाईंपुढेच विचारते — रात्री कात्री कोण काढतो, सांग. तुझा खोटेपणा माझ्या गोळीत का घालतोस, सांग.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण पाठ. न्हाताना दोनदा म्हटलं, भांडी घासताना एकदा. सून म्हणाली, "आई, एकट्याच पुटपुटताय." म्हटलं, "हो गं. उद्या मोठ्यानं ऐकवते."

१५ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात बाकावर मी आणि मुलगा, दोघंच. भाषण अगदी जिभेवर. काउंटरवरच्या मुलीनं आमचं आडनाव पुकारलं, मला ओळखून हसली. "या आजी. पेशंट तुम्हीच ना?"

मी तोंड उघडलं, तोच हा उभा राहिला. "नाही," म्हणाला, "मी. झोप माझी उडालीय. ही माझी आई. हिला सोबत घेऊन आलोय. हिला यातलं सगळं कळतं."