आपोआप उठणारे डाग

भरे, ता. मुळशी
१४ मे २००४

ती. दादास शारदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनींचे गुडघे त्यांना आता जिना चढू देत असतील, अशी आशा. इकडे माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. गेला महिनाभर गावात तुझ्या मेहुण्यांना कोणी चहा विचारत नाही, त्यामुळे दिवसाचे पाचही चहा मलाच करावे लागतात.

याला कारण आमच्या घरमालकीण रत्नाबाई. एप्रिलात कपडे वाळत घालताना माझी बाही वर सरकली आणि त्यांना दंडावरचे काळेनिळे डाग दिसले. मी म्हटलं, आपोआप उठतात. "व्हय, आमच्या नणंदेला बी आपोआपच उठायचं," म्हणाल्या. (झुरळ मारायलाही हे मला हाक मारतात, हे मी कोणाकोणाला सांगू?) मी अख्ख्या आळीसमोर त्यांना चोंबड्या म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि थेट पौडला डॉक्टरांकडे नेलं, नवऱ्याविरुद्ध दाखला घ्यायला. तिथे सुई टोचली, त्या जागचं रक्त तासभर थांबेना. दाखला राहिला बाजूला, मला पुण्याला धाडलं.

तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, तुमचं शरीर तुमच्याच रक्ताशी भांडतंय. या आजारात एरवी म्हणे रक्ताच्या गुठळ्या होतात. माझ्या पायात एक झाली, आणि बाकी अंगात रक्त गोठायचंच विसरलं. पातळ करायचं औषध द्यावं तर रक्तस्राव, न द्यावं तर गुठळी वाढणार. "फार दुर्मिळ," असं म्हणत त्यांनी विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या माझ्या खाटेभोवती फिरवल्या. (लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हाही एवढे लोक नव्हते.) आता गोळ्यांनी तोंड सुजलंय, तर गाव म्हणतं, हल्ली थोबाडीत देतो वाटतं. रत्नाबाईंना रिपोर्ट दाखवला, तर "इंग्रजीत काय बी लिवत्यात," म्हणाल्या.

तुझी,
शारदा

ता. क. रत्नाबाईंचा फोन आल्यावर तू यांना "हात तोडीन" म्हणालास. हे अकरा रात्री माझ्या खाटेशेजारी सतरंजीवर झोपले, पण तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना फोन कर. मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस.

आणखी एक ता. क. हे वहिनींनाही कळू देऊ नकोस. ते डाग मी दीड महिना लांब बाह्यांखाली लपवत होते. अजून दोन दिवस गेले असते तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. आज रत्नाबाईंच्या ओट्यावर गेले आणि त्यांच्या पाया पडले. "आता मारीत न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. "नाही," म्हटलं, आणि त्यांच्या सुपातल्या तांदळातले खडे वेचायला बसले.