सिंह बघायला मी जाणार नाही

प्रिय प्रीता,

ख्यालीखुशाली मागाहून, आधी माझा संताप ऐक. लायब्ररीतून रिटायर झाले म्हणून ईशानने मला केनियाची सफारी भेट दिली. लेकाचं कौतुक करून घसा सुकला, तेव्हा कळलं की ही इथल्या, पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळाची टूर आहे. चाळीस काका-काकू, सोबत स्वयंपाकी, जीपमध्ये अंताक्षरी आणि सिंह दिसला की सेल्फी. वर म्हणतो, "आई, तिथे पिठलं-भाकरी मिळेल, यू विल लव्ह इट!" पिठल्यासाठी मी आफ्रिकेला जाऊ?

आणि सिंह कशाला? खाऊन दिवसभर लोळणारं जनावर मी घरात पस्तीस वर्षं बघितलं. मला जायचंय उत्तरेला, सांबुरूच्या कोरड्या, काटेरी मुलखात. तिथे गेरेनुक नावाचं हरीण आहे. लांब मान, आणि मागच्या दोन पायांवर चक्क उभं राहून बाभळीचा पाला खातं. पाणी जवळजवळ पीतच नाही, पाल्यातल्या ओलाव्यावर भागवतं. कसं भागतं गं? शाळेत असं काही विचारलं की सिस्टर मला वर्गाबाहेर काढायच्या आणि तू खिडकीतून जीभ दाखवायचीस. तिथल्या शहामृगाची मान आणि पाय निळसर असतात. का? मंडळाच्या रुपालीला विचारलं, तर म्हणे, "मावशी, गुगल करा ना!" गुगल केलं म्हणून तर जायचंय, बाई!

मी टूर कॅन्सल केली. ईशान फुगलाय. म्हणतो, एकटीला सोडणार नाही, प्रीतामावशी येत असेल तरच जा. अडुसष्ट वर्षांच्या बाईला हा सोडणार!

तर मुद्द्याचं. सांबुरूत ग्रेव्ही नावाच्या जातीचा झेब्रा आहे, जगात फार थोडे उरलेत. त्याचे पट्टे अगदी बारीक, जवळजवळ. फोटोत डाव्या डोळ्याला ते अजून सुटे दिसतात. उजव्याला मधोमध नुसता राखाडी डाग. डॉक्टरीण म्हणाली, डावाही त्याच वाटेने जाईल, कधी ते सांगता येत नाही. ईशानला बोलले नाहीये. कळलं तर मला दाराची पायरी उतरू देणार नाही. फेब्रुवारीत चल. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, जीपमध्ये बसायचंच असतं. आणि आपल्या दोघींचे मिळून तीन डोळे आहेत, तेवढे पुरेत.

तुझीच, अजून वठणीवर न आलेली,
रत्ना