ऑरिनची राख आणि नळीतला दाब

३ ऑक्टोबर
धाकटा भाऊ ऑरिन गेला त्याला महिना झाला. आपली राख काडतुसांत भरून नेमबाजी क्लबच्या मैदानावर उडवावी, ही त्याचीच इच्छा. इथे मिनेसोटात असे बरेच जण जातात. काडतुसं मी भरणार. त्याची बायको लव्होन राखेने भरलेला कॉफीचा डबा देऊन म्हणाली, "अर्ल, फार डोकं चालवू नकोस. त्या दिवशी वारा तेवढा बघ."
वारा! आयुष्यभर सरकारी जमीन मोजली आहे मी.

४ ऑक्टोबर
शिशाच्या छऱ्यांची मापं पुस्तकात आहेत. भावाचं माप कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे नळीत किती दाब येतो ते आधी मोजायला हवं. नळीला चिकटवायचा सेन्सर मागवला. दोन दिवसांचं काम.
मी ठीक आहे. हे मोजण्याचं काम आहे, रडण्याचं नाही.

९ ऑक्टोबर, सकाळ
परसात बंदूक जुन्या टायरांना बांधली. लांबून दोरीने चाप ओढला. लॅपटॉपवर सरळ रेघ. वायर जोडलीच नव्हती. चमचाभर ऑरिन खर्ची पडला. नगण्य.

११ ऑक्टोबर
आलेख आला, पण चाप ओढण्याआधीच. माझी कुत्री टायरवर चढली होती. पुन्हा उडवलं. सेन्सर निघून पडला. शेजारच्या वेंडेलने कुंपणावरून विचारलं, युद्ध कोणाशी चाललंय? म्हटलं, विज्ञान आहे हे. म्हणाला, मग विज्ञान जिंकतंय.

१४ ऑक्टोबर
वेंडेल म्हणतो, चाचणीला शेगडीतली राख वापर. अडाणीपणा. ओकचं लाकूड आणि माझा भाऊ एक नव्हेत. ऑरिनचा हट्टीपणा आलेखातसुद्धा दिसतो, दर वेळी वेगळाच आकडा. आज चाप ओढण्याआधी त्याच्याशी थोडं बोललो. केवळ नोंदीसाठी.

१७ ऑक्टोबर
अखेर सुबक आलेख! दाब नेहमीच्या काडतुसापेक्षाही कमी. माझी पद्धत सिद्ध झाली.
दुपारी : डबा रिकामा.

१८ ऑक्टोबर
शेगडीतली राख भरली. दिसायला अगदी तशीच. लव्होनला सांगणार नाही. तिला आधीच पुष्कळ सोसावं लागलंय. ऑरिन असता तर हसला असता.

२० ऑक्टोबर
मैदानावर सगळे जमले. जेवणाला हॉटडिशची पातेली मांडलेली. लव्होनने माझी काडतुसं पाहिली आणि हळूच विचारलं, "शेगडीतली ना?"
मी बुटांकडे पाहिलं.
म्हणाली, "मी दिलेलीही शेगडीतलीच होती. तुला ओळखत नाही का मी? ऑरिन पिकअपमध्ये आहे. वेंडेलने पुस्तकातल्या मापाने छरे भरले आणि वर त्याची चिमूटभर राख घातली. झालं."
म्हणजे मी परसात लव्होनच्या सरपणाशी बोलत होतो.
तिने एक काडतूस माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझं. मोजू नकोस."
उडवलं. वारा समोरून होता.
चष्मा अजून पुसलेला नाही.