विनिफ्रेडच्या लग्नाचा अंक

प्रिय कांता,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझं बीपी गेल्या रविवारपर्यंत उत्तम होतं.

रविवारी चंद्रपूरला सिनेमा पाहिला. आपली विनिफ्रेड गं! नववीत सिस्टर जी जुनी इंग्रजी कादंबरी वाचून दाखवायच्या आणि आपण दोघी एकाच रुमालात रडायचो, तीच. (रुमाल तुझा होता. अजून माझ्याकडेच आहे.) सोबत धुरपता होती. ही आमची सिंदेवाहीची मासळीवाली. वीस वर्षं झाली, पाटी उतरवली की व्हरांड्यात बसून माझ्याकडून ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते. वाचता येत नाही, पण विनिफ्रेडच्या लग्नातला जेवणाचा बेत तिला माझ्याहून चांगला पाठ आहे.

धुरपताला खेळ म्हणजे वडशाकडची झाडीपट्टीची नाटकं, पहाटेपर्यंत चालणारी. म्हणून दुपारच्या सिनेमालाही तिने चटई, चादर, भाकरी आणि सुकट आणली. (सुकटीमुळे पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या, आम्हाला छान दिसू लागलं.) पण दिसणार काय? नुसतं धुकं! त्यातून नायक उगवला तो दाढी कोरलेला, टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात घेऊन. दोन तासांत विनिफ्रेडला खोकला झाला, ती मेली, दिवे लागले.

लोक उठले. धुरपता उठेना.

“काऊन उठू? लगनाचा अंक बाकी हाये ना!”

झाडूवाला म्हणाला, “मावशी, खतम झाला पिक्चर.”

“तुले काय मालूम? बाईनं पुस्तक वाचलं हाये. सांगा बाई त्याले!”

मी सांगितलं. पुस्तकात लग्न आहे, हे मॅनेजरला शपथेवर सांगितलं. त्याने हात जोडले, म्हणाला, लग्न आमच्याकडे पाठवलंच नाही.

एसटीत मूल गाव येईपर्यंत धुरपता चटईची गुंडाळी मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, “बाई, आमची आचल आता इंग्रजी वाचते. ते पुस्तक आणा. नातीच्या तोंडून आइकू.” तेव्हापासून ती मासळी फाटकातूनच देऊन जाते. बसत नाही. व्हरांडा मोठा वाटायला लागला आहे.

तुझी,
नीला

ता. क. शाळेच्या लायब्ररीतली ती प्रत तू परत केली नव्हतीस, हे मी सिस्टरांना आजवर सांगितलेलं नाही. ती लगेच पाठव.

दुसरा ता. क. पाठवण्याआधी शेवटचं प्रकरण फाड. (वाळवी लागल्यासारखं फाड.) त्यात विनिफ्रेड खोकल्यानेच मरते. पहिल्यांदा सांगताना मी त्या पानाशी आले, त्याच आठवड्यात धुरपताचा नवरा तळ्यात बुडाला होता. मग मी लग्न लावून टाकलं. आता विनिफ्रेडला दोन मुली आहेत. धाकटीचं नाव कांता.