कोपऱ्यावरून आलेला फोन

सावेरियो,

तुझं ताट वाढलेलं नाही. कढईत तेल, लसूण आणि मिरच्या परतून ठेवल्यात. पाण्याला उकळी आली की मूठभर मीठ घाल, स्पॅगेटी टाक, आठ मिनिटांनी काढून कढईत घाल आणि हलव. टाकताना काड्या मोडल्यास तर याद राख. मिरच्या आज दुप्पट आहेत. झोंबल्या तर झोंबू देत.

पंधरा वर्षं रोज दुपारी तुझा फोन येतो, "तेरेसिना, कोपऱ्यावर पोचलो, पास्ता टाक," आणि मी टाकते. गेला महिनाभर तू फोननंतर तासाभराने उगवतोस आणि तोवर शिजून झालेल्या लगद्याला नावं ठेवतोस. वर ऐकवतोस, "तुझ्या हाताची चवच गेली!" मीही वेडी, गॅस मोठा राहिला असेल म्हणत बसले.

आज तुझा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच होते, भाजीवालीकडे ह्याच मिरच्या निवडत. अख्ख्या रस्त्यावर तू नव्हतास.

कुठे होतास ते सांगू नकोस, मला आता खरं वाटायचं नाही. मी आईकडे जातेय. न्यायला यायचंच असेल, तर कोपऱ्यावर येऊन फोन कर.

आईच्या बाल्कनीतून तो कोपरा स्पष्ट दिसतो.