उभी बिजागरी, आडवे तुकडे

प्रिय नडीन,

हे पत्र मीच तुझ्या पेटीत टाकून जातोय. टपालाचा भरवसा नाही, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते. सोबत पिशवीत बागेतली भेंडी आहे, तळून खा.

हवाई दलाच्या दुरुस्ती-डेपोत माझं झकास चाललंय, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. म्हाताऱ्या लढाऊ विमानांचे भाग ओतणारा कारखाना बंद पडला, तेव्हा कुठले भाग धातूची पूड थरावर थर वितळवून छापायचे, याची यादी माझ्याकडे आली. विमानाची चाकं झाकणाऱ्या दाराची बिजागरी त्या यादीत मीच पहिली घातली. मिरवलोसुद्धा. आमची रीत अशी की भागासोबत छपाईयंत्राच्या त्याच पाटावर चाचणीचे तुकडे छापायचे आणि ओढून बघायचे. तुकडे टिकले की भाग पास. पाटावर चार बिजागऱ्या मावाव्यात म्हणून त्या उभ्या छापल्या, आणि उरलेल्या जागेत तुकडे मी आडवे झोपवले. तुकडे थरांच्या लांबीने ओढले गेले, म्हणून टिकले. बिजागरीवर मात्र थर उकलणारा जोर येतो. तुझ्या पीच-पायचे पदर सुटतात ना, तसे ते सुटू शकतात.

हे मला मंगळवारी गाडीत पेट्रोल भरताना सुचलं. तसाच मागे फिरलो. आमच्या मार्लिनसाहेबाने सगळं ऐकून घेतलं, समिती पुढच्या गुरुवारी बसेल म्हणाला. तोवर विमानं थांबवा म्हटलं, तर म्हणाला, "डेल्बर्ट, कागदावर तुकडे पास आहेत. पुरावा आण." पुरावा कुठून आणू? चारही बिजागऱ्या विमानांत बसल्यात. तोडून बघायला एकही उरलेली नाही, आणि नवी छापून तपासायला दोन आठवडे लागतात.

लहानपणी आपल्या वेस्लीचं पोट दुखत होतं, तेव्हा थर्मामीटर बघून मी म्हटलं होतं, ताप नाही, जाऊ दे शाळेत. तू ऐकलं नाहीस, म्हणून अपेंडिक्स वेळेवर निघालं. त्या दिवशीच मी तुझ्या मनातून उतरलो, असं मला वाटतं.

त्यातल्या दोन बिजागऱ्या वेस्लीच्या विमानात आहेत. सोमवारी तो उडणार. त्याचे वरिष्ठही समितीकडे बोट दाखवतात. माझा फोन तो उचलत नाही, तुझा उचलेल. आजारी आहे म्हण, पाय मोडला म्हण, पण त्याला घरी बोलाव. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा मुलगा बसेल, हेही मला कळतं, आणि त्याचं काय करू ते कळत नाही. पुरावा माझ्याकडे नाही, नडीन. तरी विश्वास ठेव. मी तेव्हा तुझ्यावर ठेवला नव्हता.

अजूनही तुझाच,
डेल्बर्ट